धुराड्याला स्थगिती

त्या माणसाविरुद्ध मी एकूण नऊ तक्रारी केल्या. पहिल्या आठ फेटाळल्या गेल्या; नववी मान्य झाली. आठ वेळा मी चुकीचा ठरलो, याचे मला आज काहीही वाटत नाही. नवव्या वेळी मी बरोबर ठरलो, आणि त्यातून माझी अजून सुटका झालेली नाही.

ते आमच्या भागातले धुराडी साफ करणारे माइस्टर, म्हणजे परवानाधारक उस्ताद, होते. त्या काळच्या जर्मन कायद्याप्रमाणे प्रत्येक विभागाला एकच माइस्टर नेमलेला असे. नागरिकाला तो निवडता येत नसे, बदलता येत नसे आणि दारातून परत पाठवताही येत नसे. पुढे तो कायदा बदलला. पण मी जर्मनीत गेलो तेव्हा तो पूर्ण अमलात होता, आणि ज्याला 'नको' म्हणण्याची सोय नाही असा कोणताही माणूस मला मुळातच सहन होत नाही.

मी जिल्हा न्यायालयात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीश येत आणि बदलून जात. दप्तर माझे असे. पत्नी गेल्यावर मुलाने मला ड्रेस्डेनला आणले. तो तिथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता, आणि सून विद्यापीठाच्या एका संस्थेत संशोधक. शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावरील एका जुन्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. बैठकीच्या खोलीत एक ओफन होता: हिरव्या चकचकीत फरशा जडवलेली, माझ्या डोक्याहून उंच अशी लाकडाची शेगडी. सुनेला तो पाहताक्षणी आवडला होता. मला आवडला नाही. माझ्या आईने चुलीच्या धुरात जन्मभर डोळे जाळले. आणि तिचा नातू सातासमुद्रापार जाऊन पुन्हा लाकडाच्या धगीलाच बसतो, हे मला पटेना. याविरुद्ध अर्ज करावा असे फार वाटे. कोणाच्या नावे करायचा, एवढेच ठरत नव्हते.

मग एके दिवशी खालच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'बुधवार. सात ते बारा. घरी थांबा.' खाली सही नाही, कलम नाही, विनंतीचा शब्द नाही.

बुधवारी सातच्या ठोक्याला ते आले. पितळी बटणांचा काळा कोट, डोक्यावर काळी उंच टोपी, खांद्यावर दोरीचे वेटोळे, त्याला तारेचा ब्रश आणि एक लोखंडी गोळा. मी दारात उभा राहिलो आणि इंग्रजीत विचारले, "कोणत्या कलमाखाली?"

"अहो बाबा," सून मागून म्हणाली, "ते धुराडं साफ करायला आलेत. जप्तीला नाही आले."

"जप्तीला आलेला माणूससुद्धा वॉरंट दाखवतो."

माइस्टरांनी तिला विचारले, काय म्हणतात हे? तिने लाजत सांगितले. त्यावर त्यांनी टोपी काढली, माझ्याकडे नीट पाहिले, आणि अत्यंत आनंदाने कलमाचा क्रमांक, उपकलम आणि परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं ही नोकरी करतोय. पहिल्यांदाच कोणी विचारलं." आणि माझ्या काखेखालून वाकून आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी माझे नाव 'हेर पाराग्राफ' ठेवले. तिकडे हेर म्हणजे श्रीयुत आणि पाराग्राफ म्हणजे कायद्याचे कलम. सूनही मग मागे राहिली नाही. ती त्यांना 'काळेकाका' म्हणू लागली. "बाबा, उद्या तुमचे काळेकाका येणार आहेत हं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवू की अर्ज?"

मी अर्जच काढून ठेवी. पहिली तक्रार 'सात ते बारा' याविषयी होती: नागरिकास पाच तास ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सेवकास नाही. ती मी थेट त्यांना पाठवली. चार दिवसांनी माझेच पत्र परत आले. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले होते, 'सातला येतो. बारापर्यंत काम संपतं. तुम्ही घरीच असता.' त्यांची सर्व उत्तरे अशीच असत: माझ्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीने, कधी दोन ओळी, कधी एक शब्द. लिहिण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. अधिकृत अहवालाच्या फॉर्ममध्ये 'शेरा' म्हणून हातभर जागा सोडलेली असे. तिथे ते 'ठीक' लिहीत. ठीक नसेल तर 'ठीक नाही'. कारण कधीच नाही. मी दुसरी तक्रार त्याचीच केली. तिच्या पाठीवर उत्तर आले: 'या.' जर्मनमध्ये या म्हणजे होय.

तिसऱ्या तक्रारीचे जे झाले ते मी आयुष्यात विसरणार नाही. पुढच्या भेटीत ते ओफनसमोर उकिडवे बसले, खिशातून माझे ते तीन पानी पत्र काढले, त्याची लांब पट्टी करून ओफनच्या लोखंडी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर धरली, दार लावले आणि पट्टी ओढली. पत्र टर्रकन फाटले. "उत्तम," ते म्हणाले. "दाराच्या कडेला बसवलेली दोरी अजून घट्ट आहे. कागद सहज निघून आला असता तर हवा आत जाते असं समजायचं." मग खाली उरलेला तुकडा त्यांनी ओला केला, राखेत बुडवला आणि दाराची काळी पडलेली काच त्याने घासून आरशासारखी केली. "पत्र चांगलं होतं," ते सुनेला म्हणाले. "जाड कागद वापरतात."

मी तिथल्या तिथे चौथ्या तक्रारीचा कागद काढला. सून स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. पण खरे सांगायचे तर काच त्यानंतर मीही तशीच पुसू लागलो.

त्यांचे काम पाहणे हा एक अनुभव होता, हे मी तेव्हाही नाकारत नव्हतो. राखेचा कप्पा ओढून ते चिमूटभर राख दोन बोटांत चोळत आणि डोळे मिटत. "गेल्या आठवड्यात पाहुणे होते."

"होते," सून म्हणे.

"घाई केलीत. ओलं लाकूड घातलंत आणि झडप लवकर बंद केलीत. ओफनला उपाशी ठेवता तुम्ही. त्याला आधी श्वास द्या, मग ऊब मागा." एकदा त्यांनी राखेतून एक वाकडी पिन उचलली आणि माझ्या मुलासमोर धरली. "आल्झो, सांगा बरं, हे कोणत्या झाडाला लागतं?" मुलाने हापूसचे खोके जाळले होते. साहेबासमोर ताठ उभा राहणारा माझा मुलगा त्या दिवशी शाळकरी पोरासारखा खाली मान घालून उभा होता.

लाकूड सुके आहे की नाही हे पाहायला ते ओंडक्याच्या एका टोकाला भांडी घासायचा साबण फासत, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकत. साबणाला फेस आला तर लाकूड पास. मलाही फुंकायला लावत. "जोरात, हेर पाराग्राफ! मला पत्र लिहिताना लावता तेवढा जोर लावा!"

आणि छतावर गेले की ते दुसरेच कोणी होत. धुराड्याच्या तोंडाशी उभे राहून ते दोरीने गोळा आत सोडत आणि कान लावत. गोळा खाली जाताना भिंतींना लागतो. त्या आवाजावरून आत काय आहे ते त्यांना कळे. इथे काजळी जाड, इथे वीट सैल, इथे पक्ष्याने काड्या टाकल्या आहेत. त्यांना लोकांची नावे लक्षात राहत नसत, धुराडी राहत. रस्त्यात एखाद्या बाईला ते विचारत, "तुमच्या वळणातली खरखर गेली का?" आणि ती बाई लाल होई. स्वतःच्या घरी मात्र त्यांच्याकडे ओफन नव्हता. शहराच्या गरम पाण्याच्या नळांनी ऊबदार राहणारा साधा फ्लॅट होता. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मला झोप लागायला हवी ना."

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. तिकडे धुराडेवाल्याला शिवणे शुभ मानतात. नववर्षाच्या सुमारास बायका-माणसे रस्ता ओलांडून येतात, त्याच्या कोटाचे बटण चोळतात, खांद्याला बोट लावतात. त्या दिवसांत आमच्या फाटकाशी हा प्रकार चालला होता आणि ते अंग चोरून उभे होते. लोक गेल्यावर मला म्हणाले, "तुम्ही नाही शिवत?"

मी म्हणालो, नाही. आणि मग, का कोण जाणे, तिथल्या कायद्याच्या पुस्तकातून शिकलेल्या माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना सांगितले, की माझ्या आजोबांना लोक शिवत नसत. स्पर्श झाला तर घरी जाऊन अंघोळ करीत. वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर मला कायद्याचे पुस्तक आणून दिले. म्हणाले, हे हातातून सोडू नकोस. यात लिहिले आहे ते कोणालाही, कितीही मोठ्या माणसाला, मोडता येत नाही. जे लिहिलेले नाही त्यावर विश्वास ठेवू नकोस.

माइस्टरांनी लोकांनी चोळलेले बटण बाहीने पुसले. मग म्हणाले, "मला शुभ म्हणून शिवतात, पण घरात कॉफीला कोणी बसवत नाही. सोफा काळा होतो." आणि आपला काजळीने माखलेला पंजा त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर ठेवला. पाचही बोटे उमटली.

मी दुसऱ्याच दिवशी लेखी विचारणा केली: कर्तव्यावर असताना नागरिकास स्पर्श करण्याचा अधिकार आपणास कोणत्या तरतुदीने दिला? पाठीवर उत्तर आले: 'तेव्हा जेवणाची सुट्टी होती.'

त्यानंतर मी त्यांना कॉफीला बसवू लागलो. जुने वर्तमानपत्र खुर्चीवर अंथरून. तक्रारी चालूच होत्या. त्या थांबल्या असत्या तर त्यांना वाईट वाटले असते, असे मी समजत होतो.

आता नवव्या तक्रारीकडे येतो.

आमच्या शेजारी एका बैठ्या घरात एक आजी एकट्या राहत. तरुणपणी त्यांनी याच शहरात ट्राम चालवली होती. चालतानाही त्यांचा डावा हात काहीतरी धरल्यासारखा असे. त्यांच्या घरात ऊब देणारी एकच वस्तू होती, एक जुना तपकिरी ओफन. दर शुक्रवारी सकाळी अकराला मी त्यांच्याकडे कॉफीला जाई. मी न्यायालयात होतो एवढे त्यांना सुनेकडून कळले होते, आणि त्या मला 'हेर रिश्टर' म्हणत. रिश्टर म्हणजे न्यायाधीश. पहिल्या दिवशी मी दुरुस्ती करायला तोंड उघडले होते. पण माझी जर्मन अपुरी पडली, किंवा पडली असे मी ठरवले. आयुष्यभर ज्या खुर्चीमागे उभा राहिलो, तीत दर शुक्रवारी तासभर कोणी बसवत असेल, तर उठवत नाही.

थंडीच्या तोंडाला एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या, कोट न घालता. हातात माइस्टरांचा फॉर्म. सकाळी ते येऊन गेले होते, छतावर चढले होते, गोळा सोडला होता, उतरले होते, आणि ओफनच्या दाराला लोखंडी तार गुंडाळून त्यांनी ते बंद करून टाकले होते. फॉर्मवर 'शेरा' या रकान्यात एक शब्द होता: 'धोका.' खाली: 'पेटवू नये.'

"भाचा हेच म्हणत होता," आजी म्हणाल्या. "ओफन गेला की मी वृद्धाश्रमात जाणार. त्याने खोली बघून ठेवलीय. खिडकी भिंतीवर उघडते. हेर रिश्टर, मी नाही जाणार."

मी तो फॉर्म वाचला आणि माझ्या अंगात जुने बळ आले. एका शब्दाचा आदेश! छत्तीस वर्षांत मी किती आदेश पाहिले असतील. कारणे नमूद न केलेला आदेश कोणत्याही देशात टिकत नाही. मी रात्रीपर्यंत थांबलो नाही. दुपारीच कायद्याचे पुस्तक उघडले, आणि हवे ते सापडले. जर्मनीत आदेशाविरुद्ध लेखी हरकत नोंदवली, तिला ते विडरश्प्रुख म्हणतात, की हरकतीचा निकाल लागेपर्यंत आदेश आपोआप स्थगित होतो. त्याला अपवाद एकच: 'तात्काळ अंमल' असे त्या आदेशात कारणासह लिहिलेले असले पाहिजे. इथे कारण नव्हते. म्हणजे स्थगिती होती. आपल्याकडे वकिलाला ज्यासाठी आठ-आठ दिवस कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ती इथे एका टपालाच्या तिकिटावर मिळत होती.

मी आजींचा प्रतिनिधी म्हणून हरकत लिहिली. सुनेने तिचे भाषांतर केले. एका परिच्छेदाशी ती थांबली.

"बाबा, हे काय लिहिलंय? 'सदर माइस्टर व अर्जदाराचा भाचा यांच्यात संगनमत असल्याच्या संशयास जागा आहे'? तुम्हाला माहितेय का तसं?"

"संशयास जागा आहे, एवढंच लिहिलंय. संगनमत आहे असं लिहिलेलं नाही."

"पण काळेकाका तसे नाहीत हो."

"मग त्यांनी कारण लिहायचं होतं."

आठवड्यात आम्टचे, म्हणजे सरकारी कार्यालयाचे, उत्तर आले. हरकत दाखल करून घेण्यात आली आहे. तात्काळ अंमलाचे कारण आदेशात नमूद नसल्याने तूर्त आदेश अमलात येत नाही. माइस्टरांकडून खुलासा मागवण्यात आला आहे. मी ते पत्र घेऊन आजींच्या घरी गेलो, मोठ्याने वाचून दाखवले, मुलाच्या हत्यारपेटीतली पक्कड काढली, आणि माझ्या हाताने ती तार कापली. आजींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ओफन पेटवला, आणि आम्ही दोघांनी त्यासमोर बसून कॉफी घेतली. माझ्या नोकरीच्या सर्व वर्षांत असा निकाल माझ्या नावावर नव्हता.

त्याच संध्याकाळी माइस्टर आले. टोपी नव्हती. वर्तमानपत्र अंथरलेल्या खुर्चीवर बसले नाहीत.

"हेर पाराग्राफ, तुम्ही जिंकलात. गेनाऊ, अगदी, कागद तुमचा बरोबर आहे. आता त्यांना सांगा, पेटवू नका. मला त्या दारातच घेत नाहीत. म्हणतात, न्यायाधीशांनी परवानगी दिली आहे."

"धोका काय आहे?"

"आवाज बरोबर नव्हता."

"आवाज?"

"गोळ्याचा. अर्ध्यावर. तिथे आवाज मोकळा यायला हवा, तो बंद आला. आता छतावर बर्फ आहे, आत पाहायला दिवा सोडता येत नाही. पुढच्या आठवड्यात सोडतो. तोवर नको."

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण ते वाक्य मी जर्मनमध्ये अचूक म्हणालो होतो. मला त्या भाषेत पाव नीट मागता येत नसे, पण हे येत होते. मी म्हणालो, "लेखी द्या."

त्यांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली. टेबलावर आम्टचे पत्र पडले होते. ते उलटे केले. पेन्सिल टेकवली. बराच वेळ ते त्या कोऱ्या बाजूकडे पाहत राहिले. मग पेन्सिल खिशात ठेवली. "आवाज कसा लिहायचा?" ते म्हणाले. आणि जिना उतरून गेले.

सून म्हणाली, "बाबा, जाऊन सांगा ना आजींना. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आपल्याकडे झोपायला आणू त्यांना."

मी म्हणालो, "आज आपण त्यांना आणलं, तर उद्या भाचा लिहील की घर राहण्यायोग्य नाही असं आपणच मान्य केलं." कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर होते. मी पुन्हा पुन्हा तपासले आहे. ते बरोबरच होते.

शुक्रवारी धुके होते, वारा अजिबात नव्हता. धूर वर जायलाच तयार नाही असे ते दिवस असतात. अकराला मी आजींच्या दारावर टकटक केली. उत्तर नाही. खिडकीतून पाहिले तर त्या ओफनजवळच्या खुर्चीत बसलेल्या दिसल्या, मान जराशी कललेली, गालांवर लाली. इतक्या टवटवीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मला वाटले, ऊब मानवली. मी काचेवर बोटाने वाजवले, हसलो, हातही हलवला. तो गुलाबी रंग कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूचा असतो, हे मला नंतर सांगण्यात आले. त्या वायूला वास नाही, रंग नाही. तो स्वतःचा रंग माणसाला देतो.

माइस्टर आले तेव्हा अंगणात पोलीस होते. माइस्टर थेट शिडीकडे गेले. बर्फ असतानाच छतावर चढले. मग आत जाऊन धुराड्याच्या तळाचे झाकण काढले आणि विटांचे तुकडे, चुना, काजळी उपसून बादल्या भरल्या. तीन बादल्या. धुराड्याच्या आतला विटांचा पडदा मध्यावर ढासळला होता. बादल्या त्यांनी ओळीने भिंतीशी ठेवल्या, जशा रोज ठेवत. माझ्याकडे पाहिले नाही. मी त्यांच्या वाटेत उभा राहिलो, मुद्दाम. ते बाजूने गेले.

मी पोलिसांना सविस्तर जबाब दिला. तार मी कापली. हरकत मी लिहिली. धोक्याची तोंडी सूचना मला होती. सर्व काही क्रमवार, सात पाने. तरुण अधिकाऱ्याने ती शांतपणे वाचली आणि माझी मलाच परत केली.

"यात गुन्हा नाही," तो म्हणाला. "तुम्ही तुमचा हक्क वापरलात."

मी त्याला विचारले, कोणते तरी कलम असेलच. तो म्हणाला, "नाही. मी पाहिलं." मग त्याने मला पाणी दिले. मी त्याच्या वरिष्ठांना लिहिले, सरकारी वकिलांना लिहिले, आम्टला लिहिले. ज्यांनी माझी क्षुल्लक पत्रेही कधी अनुत्तरित ठेवली नव्हती, त्या सर्वांनी तत्परतेने आणि सौजन्याने कळवले की माझ्याविरुद्ध काहीही नाही.

माइस्टरांविरुद्ध मात्र होते. आदेशात कारण का लिहिले नाही, असा खुलासा आम्टने मागितला होता. तो त्यांनी दिलाच नाही. काही महिन्यांत त्यांनी आपणहून विभाग सोडला. आमच्या दारावर आता छापील, सुबक पत्र येऊ लागले, कलमासह, सहीसह. नवा माणूस मोजयंत्र घेऊन येई, दहा मिनिटांत जाई आणि चार पानी अहवाल देई. त्याच्याविरुद्ध तक्रारीला कुठेही जागा नव्हती.

त्या उन्हाळ्यात आम्टचे आणखी एक पत्र आले. दिवंगत अर्जदाराचा प्रतिनिधी या नात्याने मला कळवण्यात येत होते की अर्जदाराच्या निधनामुळे हरकत निकाली निघाली आहे. आणि हे मान्य नसल्यास मला एक महिन्याच्या आत हरकत नोंदवता येईल.

ते पत्र घेऊन मी माइस्टरांच्या फ्लॅटवर गेलो. एकटाच गेलो. त्यांनी दार उघडले, आत घेतले. पांढऱ्या सदऱ्यात मी त्यांना कधी पाहिले नव्हते. हात इतके स्वच्छ होते की ते दुसऱ्या कोणाचे वाटले. मी पत्र दिले. त्यांनी वाचले, घडी केली, परत दिले.

मी म्हणालो, "माझ्यावर ओरडा."

"कशाला?"

"तुम्ही सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "लिहिलं नव्हतं." त्यात टोमणा नव्हता. त्यांचा चेहरा मी नीट पाहत होतो. असता तर बरे झाले असते. मग ते उठले, खणातून जुना कोरा फॉर्म काढला, पेन्सिल काढली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवली.

"तुम्ही कोर्टातले. तुम्ही सांगा. आवाज कसा लिहायचा?"

मला वाटले, हे मला छळत आहेत. पण तसे नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. ते टेबलाच्या पलीकडे, हात मांडीवर ठेवून, वाट पाहत बसले.

मी लिहायला घेतले. पाच मिनिटेही लागली नाहीत. 'गोळा सोडून तपासणी केली असता धुराड्याच्या मध्यभागी आवाज बंद आला. आतील पडदा ढासळून मार्ग अडल्याची शक्यता दिसते. विषारी वायू खोलीत साचून जीवितास धोका असल्याने हा आदेश तात्काळ अमलात येईल.' जर्मनमध्ये, हातभर रिकाम्या रकान्यात, जेमतेम तीन ओळी.

त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचले.

"इतकंच?" ते म्हणाले.

"इतकंच."

"आणि हे असतं, तर? तुम्ही हरकत घेतली असतीत. तेव्हा हे टिकलं असतं?"

मी फॉर्म परत घेतला. सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचला: अधिकार, वस्तुस्थिती, कारण, तातडी. दुसऱ्यांदा वाचला. त्यांनी घाई केली नाही. मी तिसऱ्यांदा वाचला, कुठे काही सुटले असावे, एखादा शब्द, एखादा संदर्भ, काहीतरी, म्हणून. मला त्यात एकही त्रुटी सापडली नाही.